हार्ड डिस्क घेताना पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

"ताई, आपला संगणक फार संथ झालाय. नवा घ्यायचा का?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न वेगवेगळ्या केंद्रांतून आणि वसतिगृहांतून मला चार-पाच वेळा आला. त्याच्या मागोमाग दुसराही येतो. एक दुकानदार म्हणतो एसएसडी बसवा, दुसरा म्हणतो कशाला, तेवढ्याच पैशांत दुप्पट जागेची साधी हार्ड डिस्क येते. ऐकायचे कुणाचे? गंमत अशी की दोघेही खोटे बोलत नसतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात, आणि आपला प्रश्न कोणता हे आपण ठरवलेले नसते. माझे संगणकाचे शिक्षण झालेले नाही. पण अंथुर्ण्याच्या कार्यालयात आम्ही हा हिशेब एकदा चुकीचा केला आणि त्याची किंमत मोजली. त्यातून जे कळले ते येथे लिहीत आहे.

त्या वेळी कार्यालयातील संगणक भरून गेला होता. शिबिरांचे फोटो, मुलांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ, हजेरीपत्रके, आणि वस्त्यांवर जाऊन गोळा केलेले कुटुंबांचे कागद, सगळे एकाच ठिकाणी. एका हितचिंतकाने देणगी दिली. आम्ही बारामतीला जाऊन, त्या रकमेत बसणारी सर्वांत मोठी, म्हणजे चार टीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली. जागेच्या मानाने तीच सर्वांत स्वस्त होती. संगणकावरचे सारे तिच्यावर हलवले, संगणक मोकळा केला, आणि आता दहा वर्षांची निश्चिंती झाली असे समजून चालू लागलो. पुढच्या मे महिन्यात टेबलाजवळून जाताना कुणाच्या तरी पायात वायर अडकली आणि चालू डिस्क फरशीवर पडली. उचलली तेव्हा आतून टक-टक असा आवाज येत होता. बारामतीत कुणी हात लावला नाही. पुण्यात माहिती काढून देणाऱ्या एकाने डिस्कच्या किमतीच्या पाचपट रक्कम सांगितली, तीही हमी न देता.

फोटोंचे फारसे वाईट वाटले नाही. गेले ते कागद. आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, तरी नव्या वाचकांसाठी सांगते. अनुसूचित जमातीचा दाखला मिळवताना ६ सप्टेंबर १९५० या तारखेला कुटुंब कुठे राहत होते आणि त्याची जमात कोणती होती, याचा पुरावा मागितला जातो. आपल्या तालुक्यातील पारधी कुटुंबांकडे असा पुरावा कुठून असणार? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये जाईपर्यंत ज्यांना हजेरी द्यावी लागली, त्यांच्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडले तर नशीब. एका मुलीच्या आजोबांच्या नावाची अशी एक ओळ आमच्या कार्यकर्त्याला एका गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये मिळाली होती. तिचा उतारा कुटुंबाला दिला होता, तो पालात पाणी शिरून गेला. स्कॅन आमच्याकडे होता, म्हणजे त्या डिस्कवर होता. उतारा पुन्हा मिळेपर्यंत मुलीच्या नर्सिंग प्रवेशाची मुदत निघून गेली. तिचा प्रवेश पुढल्या वर्षी झाला.

आमची चूक डिस्क पाडण्याची नव्हती. वस्तू पडतातच. चूक दुकानात झाली होती, आणि ती समजण्यासाठी आधी या दोन प्रकारांचे काम कसे चालते ते पाहू.

ट्रॉली आणि मोळी

साध्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून एक लहानसा हात पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या अशा यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते, आणि त्यात मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोदेखील त्यात बसला नसता. यंत्र तळहाताएवढे झाले, पण तबकडी फिरणे आणि हात सरकणे हे मूळ काम तेच राहिले.

आता ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. एकाच फडातील ऊस भरून ट्रॅक्टर ट्रॉली भवानीनगरच्या कारखान्याकडे निघाली तर एका खेपेत किती टन माल जातो ते आपण रोज रस्त्यावर पाहतो. पण त्याच ट्रॅक्टरवाल्याला सांगितले की चाळीस शेतांतून प्रत्येकी एकच मोळी आण, तर? ट्रॅक्टर तोच, पण दिवस बांधावरून फिरण्यातच जाईल. हार्ड डिस्कचे नेमके असेच आहे. एकसलग मोठी फाइल, उदाहरणार्थ तासाभराचा व्हिडिओ, ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या वेगाने देते, आणि ते काही कमी नाही. पण लहान-लहान तुकडे विखुरलेले असतील, तर प्रत्येक तुकड्यासाठी हात सरकायला आणि तबकडी फिरून योग्य जागा खाली यायला वेळ लागतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी ४.२ मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात. हात सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद धरले की एका तुकड्याला सुमारे १३ मिलिसेकंद झाले. सेकंदाला असे ७५ तुकडे. तुकडा चार केबीचा असेल तर सेकंदाला फक्त ३०० केबी! डिस्कच्या खोक्यावर हा आकडा कधी छापलेला नसतो.

आणि संगणक सकाळी सुरू होताना काय करतो? हजारो लहान तुकडे गोळा करतो. विंडोज उघडणे, अँटिव्हायरसची तपासणी, टॅलीची किंवा एक्सेलची सुरुवात, ही सगळी मोळ्या गोळा करण्याचीच कामे आहेत.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही. माहिती चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपात साठते आणि कोणताही कप्पा जवळपास सारख्याच वेळात सापडतो, साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात. म्हणून मोळ्यांच्या कामात ती हार्ड डिस्कच्या शंभरपट पुढे जाते, ट्रॉलीच्या कामात मात्र तीन-चारपटच. दुकानातील वादाचे मूळ येथे आहे. एकजण मोळ्यांबद्दल बोलतो, दुसरा ट्रॉलीबद्दल.

आधी दोष कुणाचा ते पाहा

संगणक संथ आहे म्हणजे डिस्कच दोषी आहे असे नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संगणक अडखळत असताना त्यात डिस्कच्या रकान्यात ९०-१०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात १५-२० टक्के दिसत असेल, तर तबकडी दमली आहे. मेमरीचा रकाना कायम ९० च्या वर असेल, तर आधी रॅम वाढवा, नाहीतर एसएसडी बसवूनही पूर्ण गुण येणार नाही. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. एका वसतिगृहात असे पाहिले तेव्हा डिस्कही मोकळी आणि मेमरीही मोकळी निघाली. प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांवर. कुणीतरी उतरवलेला फुकटचा प्रोग्रॅम त्याला खात होता. तो काढला, खर्च शून्य.

आणखी एक गोष्ट तपासा. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर रीतसर चालत नाही. दान म्हणून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या यंत्रात पैसे घालण्यापूर्वी एवढे विचारून घ्या. मुलांना टंकलेखन शिकवण्यासाठी असेल तर लिनक्स टाकूनही ते चालेल.

हिशेब

आता पैशांकडे येऊ. दर महिन्याला बदलतात, तेव्हा पुढील आकडे फक्त रीत समजण्यासाठी समजून चाला. दुकानातील आजचे आकडे तुम्ही घाला. समजा २५६ जीबीची एसएसडी २००० रुपयांना, एक टीबीची हार्ड डिस्क ४००० रुपयांना आणि चार टीबीची १०,००० रुपयांना मिळते. एका जीबीला एसएसडी पडली ७ रुपये ८० पैशांना, एक टीबीची डिस्क ४ रुपयांना आणि चार टीबीची अवघ्या अडीच रुपयांना. आम्ही हाच भागाकार केला होता आणि चार टीबीवर बोट ठेवले होते.

या भागाकारात दोन खोटी आहेत. पहिली अशी की तो तुम्हाला न लागणाऱ्या जागेचेही मोल धरतो. हार्ड डिस्क कितीही लहान केली तरी तिला मोटर लागते, तबकडी लागते, हात लागतो, धातूचे कवच लागते. म्हणून एका मर्यादेखाली तिची किंमत उतरतच नाही. चिपची तशी अट नाही. जागा थोडी हवी असेल तर चिपा थोड्या लावायच्या. त्यामुळे दोनशे-अडीचशे जीबीत भागणाऱ्या माणसाला एसएसडीच कमी पैशांत पडते, आणि वेग वर मिळतो. हार्ड डिस्कचा खरा स्वस्तपणा दोन, चार, आठ टीबीकडे जाल तसा दिसू लागतो.

दुसरी खोट जास्त महागाची. तो भागाकार एकाच प्रतीचा आहे.

डिस्क गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा आपल्याकडे नेमके काय आणि किती आहे ते मोजले. साडेतीनशेच्या आसपास कुटुंबे, प्रत्येकाचे सरासरी बारा कागद, म्हणजे सुमारे ४२०० पाने. एक पान नीट स्कॅन केले तर एक एमबीच्या आसपास होते. सगळे मिळून ४.२ जीबी. फोटो-व्हिडिओ मात्र ६०० जीबी होते. म्हणजे ज्याच्यावाचून एखाद्या मुलीचे वर्ष जाते त्या कागदांना शंभरातली एक भागही जागा लागत नव्हती, आणि बाकी सारी जागा ज्यांनी व्यापली होती त्यातले निम्मे फोटो तर हललेले किंवा तीन-तीनदा काढलेले होते! आम्ही हे दोन्ही एकाच पोत्यात भरून, पोत्याच्या मापाने खरेदी केली होती.

मग दहा हजारांत काय करता आले असते? एक २५६ जीबीची एसएसडी संगणकात रोजच्या कामासाठी, २००० रुपये. एक-एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क साठ्यासाठी, ८००० रुपये. बेरीज तीच. जागा चार टीबीऐवजी एक टीबीच मिळाली असती, पण आम्हाला तेवढीच लागत होती. संगणक चटकन उघडला असता आणि सगळ्या साठ्याच्या दोन प्रती झाल्या असत्या. चार टीबीतील सव्वातीन टीबीहून अधिक जागा अपघाताच्या दिवसापर्यंत रिकामीच होती.

दुसऱ्या प्रतीने किती फरक पडतो? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या केंद्रांतील लाखो हार्ड डिस्कचे आकडे २०१३ पासून प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्याकडे वर्षाला शंभरांतील एक ते दोन डिस्क बंद पडतात, आणि त्या तर थंड हवेत, अखंड विजेवर, जागच्या न हलणाऱ्या असतात. आपल्याकडे पत्र्याखाली, मोटरसायकलच्या पिशवीत यापेक्षा वाईटच होणार. तरीही सोयीसाठी पन्नासांत एक धरा. दोन वेगळ्या डिस्क एकाच वर्षी जाण्याचा संभव मग अडीच हजारांत एक एवढा उतरतो. पण त्या दोन वेगळ्या ठिकाणी असतील तरच. एकाच कपाटात शेजारी ठेवल्या तर चोर, आग आणि पाणी यांना दोन्ही एकदमच सापडतात.

वेगाचे पैसे कुठे द्यायचे नाहीत

एसएसडी बसवायची ठरली की दुकानदार पुढचा प्रकार दाखवतो: एनव्हीएमई. साधी साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास देते, एनव्हीएमई प्रकारची तीन-साडेतीन हजार किंवा जास्त. आकडा ऐकून मोह होतो. पण पत्रव्यवहार, हजेरी, हिशेब आणि स्कॅनिंग करणाऱ्या कार्यालयात या दोहोंतला फरक हाताला जवळजवळ जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर आलो तेव्हा आमचा संगणक चार मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात उघडू लागला. त्यापुढे अर्ध्या मिनिटाचे पंचवीस सेकंद झाले तर काय मिळवले? नवा संगणक घेताना एनव्हीएमई त्याच किमतीत येत असेल तर जरूर घ्या, हल्ली बऱ्याचदा तशी येते. जुन्या संगणकासाठी मात्र तिची खाच आहे का ते आधी पाहा. आणि खाच दिसली तरी विचारा, कारण सारख्याच दिसणाऱ्या खाचेत काही संगणक फक्त साटा प्रकारची पट्टी घेतात.

बाहेरून जोडायच्या डिस्कचेही तसेच. जुन्या यूएसबी खाचेतून सेकंदाला तीस-चाळीस एमबीच जातात. तिथे महागडी बाहेरची एसएसडी जोडली तरी ती त्याच चालीने चालेल. अरुंद पुलावर गाडी नवी असून उपयोग नाही. नव्या यूएसबीची खाच आतून बहुधा निळी असते.

सीसीटीव्हीचा प्रश्न दोन वसतिगृहांतून आला होता, म्हणून त्याचा हिशेब वेगळा देते. चार कॅमेरे, प्रत्येकाचे चित्रण सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर चौघांचे मिळून सेकंदाला एक एमबी होते. दिवसाला ८६ जीबी, महिन्याला सुमारे २.६ टीबी. हे सगळे सलग लिहिणे, म्हणजे निव्वळ ट्रॉलीचे काम. इथे एसएसडीवर पैसे घालू नका. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीसाठीची म्हणून मिळणारी हार्ड डिस्कच घ्या. साध्या संगणकाची डिस्क त्यात घालून थोडे वाचवायला जाऊ नये.

स्वस्तात काय लपलेले असते

हार्ड डिस्कमध्ये एक प्रकार असा असतो की त्यातील माहितीचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मावते आणि किंमत उतरते. पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची उचलावी लागतात, तसेच येथे एक पट्टा बदलताना शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायच्या साठ्याला हा प्रकार चालतो. रोजच्या कामाला घेतला तर डिस्क मध्येच थांबून राहते. या प्रकाराचे इंग्रजी आद्याक्षरी नाव एसएमआर. दुकानात एवढा शब्द विचारलात तरी दुकानदार जरा सावरून बसतो.

एसएसडीतही स्वस्त-महाग आहे. स्वस्त प्रकारात एकेका कप्प्यात जास्त माहिती कोंबलेली असते. रोजच्या कामाला फरक पडत नाही, पण एकदम शंभर जीबी उतरवायला घेतले की सुरुवातीचा वेग ओसरतो आणि ती कधी कधी हार्ड डिस्कच्याही मागे पडते. "एसएसडी लिहून लिहून झिजते" ही भीती मात्र आपल्यासाठी अवाजवी आहे. अडीचशे जीबीच्या एसएसडीवर साधारण शंभर टीबी किंवा अधिक लिहिण्याची हमी असते. कार्यालयात रोज २० जीबी लिहिले, जे फारच झाले, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. तेरा वर्षे निघतील.

खरी काळजी वेगळी आहे. एसएसडीतील भार वीज न मिळता पडून राहिल्यास हळूहळू ओसरतो. उद्योगाच्या मानकात, आयुष्यभराचे लिहून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंशांना, विजेशिवाय, एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी जास्त टिकते. पण उष्णतेने हा काळ घटतो, आणि उन्हाळ्यात इंदापूर-बारामतीकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कपाटात बंद करून ठेवायची प्रत एसएसडीवर नको. तिला हार्ड डिस्क बरी. तीही वर्षातून दोन-तीनदा जोडून चालवून पाहावी.

इंटरनेटवर शे-पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह किंवा डिस्क दिसली तर ती घेऊ नका. आत लहानशी चिप असते आणि संगणकाला मोठी जागा खोटीच सांगितलेली असते. भरत जाते, भरत जाते, आणि जुने आपोआप पुसले जाते. याच्याशी एका साध्या गोष्टीची गल्लत मात्र करू नका. एक टीबीची चांगली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

दर आणखी उतरू द्या, मग दुसरी प्रत करू, असेही काही जण म्हणतात. दर नेहमी उतरतातच असे नाही. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला. जगातील हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथे होते. ते पाण्याखाली गेले आणि जगभर किमती दुपटीच्या घरात गेल्या.

विजेचा आणि पावतीचा भाग

आपल्याकडे वीज न सांगता जाते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर हार्ड डिस्क काय किंवा एसएसडी काय, अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते, आणि हलक्या प्रतीच्या एसएसडी तर कधी पुन्हा उठतच नाहीत. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर वरच्या दर्जाच्या डिस्कसाठी काढलेले जादा पैसे आधी तिकडे वळवा. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर हा खर्च वाचतो.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडी स्वस्त पडेल. पण हमीच्या काळात डिस्क बदलून घ्यायला तिथे जाण्याचे भाडे आणि एक दिवस धरला की बारामतीतील दुकान परवडते. पक्की पावती संस्थेच्या नावाने घ्या आणि तीवर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या. हमी तीन वर्षांची की पाच, हे किंमत विचारतानाच विचारा. दोन डिस्कमधला तीनशे रुपयांचा फरक बऱ्याचदा तेवढ्याचाच असतो. आणि हमी म्हणजे नवी डिस्क मिळते, त्यावरचे कागद परत मिळत नाहीत.

अंथुर्ण्यात सध्या असे चालले आहे. संगणकात २५६ जीबीची एसएसडी. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक कार्यालयाच्या कपाटात आणि एक दुसऱ्या गावात, आमच्या एका विश्वस्तांच्या घरी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती दुसरी एसटीने येते, नवे भरून घेते आणि परत जाते. प्रवासात ती बंद असते आणि टॉवेलात गुंडाळलेली असते. चालू डिस्कला धक्का फार वाईट, बंद असताना तिचा हात सुरक्षित जागी असतो. त्या दिवशी आम्ही कोणत्याही पाच कुटुंबांचे कागद दुसऱ्या डिस्कवरून उघडून पाहतो, कारण प्रत केली आणि ती उघडतच नाही असेही एकदा झाले आहे. कागदांची तिसरी प्रत पासवर्ड घातलेल्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आहे, ४.२ जीबीला तेवढा पुष्कळ झाला. दोन्ही डिस्कनाही पासवर्ड आहे. त्यांच्यावर लोकांचे आधार क्रमांक आणि दाखले आहेत, आणि एसटीत पिशवी विसरणे ही काही न घडणारी गोष्ट नव्हे. पासवर्ड दोघांना ठाऊक आहे, आणि एका बंद पाकिटात लिहूनही ठेवला आहे.

जुनी डिस्क देऊन नवी घ्या, अशी सवलत दुकानात मिळते. कुटुंबांचे कागद ज्या डिस्कवर होते ती अशी देऊ नका. फाइल पुसली, अगदी कचरापेटीही रिकामी केली, तरी माहिती बराच काळ आत असते आणि साध्या प्रोग्रॅमने परत काढता येते. चालू डिस्क असेल तर पूर्ण पुसून, वर नवे लिहूनच द्यावी. बंद पडलेली असेल तर पुसताही येत नाही. आमची ती चार टीबीची डिस्क म्हणूनच अजून कपाटात खालच्या खणात आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तिच्यावरच्या यादीतील एकोणीस कुटुंबांचे जुने उतारे अद्याप पुन्हा मिळालेले नाहीत.